शेवटचा चरण झाकणारे मास्तर

माघ वद्य तृतीया, शनिवार, सकाळ. स्थळ: कल्याणातली आमची मराठी शाळा, बाजारातून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरची. हजर: परीक्षेसाठी ठाण्याहून आलेले डेप्युटीसाहेब, त्यांचे कारकून, कागदांच्या पेटीसह, पाचव्या इयत्तेची मुले, गोवर आलेली सोडून, शाळेचा शिपाई, आणि मी, हेडमास्तर. पाचवीचे मास्तर: हजर, पण वर्गात नाहीत. शिपायाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मागं चिंचेखाली वाकलेत, कायतरी येचतायत."

अवघ्या ठाणे जिल्ह्यात कविता शिकवायला आमच्या या पाचवीच्या मास्तरांइतका योग्य माणूस दुसरा नाही, आणि पाहताक्षणी इतका अयोग्य वाटणाराही दुसरा नाही. कविता शिकवणाऱ्याला गळा लागतो. मास्तरांचा गळा असा, की एकदा रस्त्याकडच्या खिडकीपाशी उभे राहून त्यांनी साकी म्हणायला घेतली, तेव्हा स्टेशनाकडे निघालेल्या गाडीचा बैल जागच्या जागी बसला आणि गाडीवान खाली उतरून हात जोडून म्हणाला, "मास्तर, तेवढं गाणं थांबवा, लोकांची आगगाडी चुकंल." कवितेला ताल लागतो. मास्तर टाळी वाजवू लागले की पुढची टाळी केव्हा पडेल याची उत्सुकता साऱ्या वर्गाला असते, त्यात मास्तरही आले. आणि ज्याने दुसऱ्यांना रचना शिकवायची त्याने स्वतः काही रचलेले असावे, अशी आपली समजूत. मास्तरांनी जन्मात एक ओळ रचलेली नाही. मी एकदा त्यांना म्हटलेही, "मास्तर, पोरांकडून इतकं करून घेता, स्वतः एखादा श्लोक का करत नाही?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "हेडमास्तर, सुईण काय दर खेपेला स्वतः बाळंत होते?"

त्या शनिवारच्या परीक्षेवर मास्तरांचे कल्याणातले राहणे अवलंबून होते. आदल्या वर्षी याच डेप्युटीसाहेबांनी पाचवीतल्या एका मुलाला कवितेचे तात्पर्य विचारले होते. मुलाने उत्तर दिले, "साहेब, ते तुम्हाला काय वाटलं ते तुम्ही सांगायचं, मग मला काय वाटलं ते मी सांगतो." साहेबांनी शेऱ्यात लिहिले, की पाचवीची कविता पुढच्या परीक्षेतही अशीच निघाली, तर या मास्तरांना खडवलीच्या पलीकडे, रानातल्या, एकाच मास्तराच्या शाळेवर पाठवावे. ही शिक्षा ऐकायला फारशी मोठी वाटत नाही. पण मास्तरांच्या मातोश्री कित्येक वर्षे खाटेवर आहेत. त्यांना बैलगाडीत घालून रानात नेणे शक्य नाही, त्यांना सोडून मास्तरांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, निघणे शक्य नाही, म्हणजे मास्तरांनी एकट्याने जायचे. आणि हा माणूस असा, की उपरणे खांद्यावर असताना घरभर उपरणे शोधतो, आणि सापडत नाही म्हणून वहिनींचे लुगडे गुंडाळून बाहेर पडायच्या बेतात असतो. रानातल्या शाळेत तो पहिल्या आठवड्यातच जेवायचे विसरून उपाशी राहील, याबद्दल गावात दुमत नव्हते. मास्तरांना स्वतःला मात्र जेवणाची काळजी नव्हती. ते मला एकदा हळूच म्हणाले, "हेडमास्तर, ही दळायला बसते तेव्हाच मला लय कळते हो. हिच्यावाचून मी मुलांना काय शिकवणार?"

हे दळणाचे प्रकरण सांगायला हवे. मास्तरांचे म्हणणे असे, की छंद कानात यावा लागतो, आणि तो कानात येण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे जात्याजवळची. म्हणून ते पाचवीची मुले सकाळी सकाळी आपल्या घरी नेत आणि वहिनींच्या जात्याभोवती बसवीत. वहिनी पहिल्या दिवशी लाजल्या, दुसऱ्या दिवशी गायल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी जात्याचा खुंटा सोडून दिला. "अहो, दळण संपलं," त्या म्हणाल्या. "रिकामं जातं फिरवून ओवी येत नाही. तुमच्या कवितेपायी घरातलं महिन्याचं धान्य तीन दिवसांत पीठ झालं." मास्तरांना हा मुद्दा पटला. त्यांनी मुलांना सांगितले, प्रत्येकाने येताना घरून थोडे धान्य आणावे. मुलांच्या आयांना हे फारच पटले. दुसऱ्या दिवसापासून कवितेच्या तासाला तांदूळ, नाचणी, बाजरी, एका घरातून तर लग्नासाठी दळायची डाळ, अशा टोपल्या येऊ लागल्या. आळीतल्या बायका सकाळी निवांत अंगणात उभ्या राहून एकमेकींना सांगत, "आमच्याकडं दळण नाही हो, पोरगा कविता शिकतोय." शेवटी वहिनींनी पीठ उडालेला पदर झटकत मास्तरांना बजावले, की आता जात्याला मुलेच बसतील, त्या बाजूला बसून फक्त गातील. तेव्हापासून आमच्या पाचवीतल्या प्रत्येक मुलाला दळता येते. शास्त्रीबुवांच्या घरातल्या एका मुलाची आजी या बातमीने दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने नातवाकडून पायली दळून घेतली.

लघू-गुरू शिकवायची त्यांची रीत चिंचोक्यांची. फळ्यावर खुणा काढल्या की मुले फळा पाहतात, ओळ ऐकत नाहीत, असे ते म्हणतात. म्हणून गुरू अक्षराला सबंध चिंचोका आणि लघूला फोडलेला अर्धा. ओळ म्हणायची आणि तिच्याप्रमाणे जमिनीवर चिंचोके मांडत जायचे. भुजंगप्रयात म्हणजे अर्धा, सबंध, सबंध. पुन्हा अर्धा, सबंध, सबंध. तो खरोखरच सापासारखा वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरतो. यात अडचण एकच. आमच्याकडच्या मुलांना भाजलेले चिंचोके फार आवडतात, आणि मास्तर घाईच्या दिवशी घरातले भाजलेलेच चिंचोके उचलून आणतात. मग ओळ बरोबर म्हणूनही मांडणी तोकडी पडते, आणि मास्तर कमरेवर हात ठेवून विचारतात, "या आर्येचा शेवट कोणी खाल्ला?" एका कोपऱ्यातून फक्त कडकड आवाज. मास्तर मारत नाहीत. ज्याने खाल्ले त्याने तेवढी अक्षरे भरून द्यायची, असा त्यांचा दंड आहे. आमच्या शाळेत उत्तम रचना करणारी मुले ही सारी अट्टल चिंचोकेखाऊ निघाली, याचे कारण हेच असावे.

मुलांच्या रचनेत कोणते शब्द यावेत याबद्दल मात्र ते कडक आहेत. राजहंस, कमळ, चकोर आणि कस्तुरी यांना त्यांच्या वर्गात बंदी आहे. मी शेजारच्या वर्गात होतो तेव्हाचा हा संवाद. वासुदेव नावाचा वकिलांचा मुलगा आपली रचना मोठ्या डौलात वाचत होता आणि तिच्यात राजहंस आला.

"वासुदेवा, राजहंस पाहिलास?" मास्तरांनी विचारले.

"नाही मास्तर."

"कोणी पाहिलाय रे?"

कोणीच पाहिलेला नव्हता.

"बगळा पाहिलास?"

"हो. रोज. खाडीवर."

"मग बगळा घाल."

"पण मास्तर," वासुदेव अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला, "बगळा कवितेत येतो का?"

"तू बोलावलंस तर येईल," मास्तर म्हणाले. "त्याला अजून कोणी बोलावलेलंच नाही."

वासुदेवाचे वकील वडील दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. मुलाला राजहंसावरून बगळ्यावर उतरवले, ही त्यांची तक्रार होती. मी ती नोंदवून घेतली आणि त्यांना त्या रचनेतला बगळा वाचायला दिला. चिखलात एक पाय वर घेऊन उभा असलेला तो बगळा न्यायाधीशासारखा कोणाकडेच बघत नव्हता. वकीलसाहेब बराच वेळ वाचत राहिले. मग कागदाची घडी करून खिशात घालत म्हणाले, "हा आमच्या मुन्सफांना दाखवता येणार नाही, पण राहू द्या माझ्याकडे."

मास्तरांची शाळा अर्धी शाळेबाहेर असते, आणि तिचा ताप मला होतो. हजेरी घ्यायला गेलो की वर्ग रिकामा. वर्ग कुठे, तर कुंभाराच्या चाकापाशी; वर्ग कुठे, तर भात कांडताहेत त्या अंगणात. एकदा वर्ग कळव्याला गेला. पोशा नावाच्या आगरी मुलाचा बाप कळव्याच्या मिठागरावर होता, आणि मिठावर रचना करायची तर मीठ निघताना पाहायला हवे, असे मास्तरांच्या मनाने घेतले. भरती उतरू लागताच एक मचवा खाली ठाण्याकडे निघाला होता, त्यात त्यांनी सबंध पाचवी बसवली. जाणे छान झाले. मिठागरावर पोशाच्या बापाने मुलांना वाफे दाखवले आणि तिथे पोशाच मास्तर झाला. "मीठ ओडताना मानूस बोलत न्हाय," तो वासुदेवाला म्हणाला. "फावडंच बोलतं. तू नुसता आईक." येताना ओहोटीने डोंबिवलीच्या अलीकडे मचवा चिखलात बसवला. दिवेलागणीला इकडे बंदरावर आयांची गर्दी, आणि गर्दीच्या मध्यभागी मी. मचवा आला तेव्हा मास्तर चिखलाने भरलेले पाय घेऊन आनंदाने उतरले आणि म्हणाले, "एकही मूल हरवलं नाही, हेडमास्तर! उलट प्रत्येकाला एकेक ओळ सापडली."

"ओळ घाला चुलीत," गर्दीतून एक आई ओरडली. "त्याच्या वहाणा कुठायत?"

"वहाणा चिखलात गेल्या," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले. "पण त्यांच्यावरच ओळ आहे, बाई. फार चांगली आहे. म्हण रे बाळ."

बाळाने ओळ म्हटली. आई आधी रागावून बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता बाळाच्या पाठीत एक धपाटा घातला. मास्तरांच्या मते कवितेला इतकी नेमकी दाद त्यांनी पुन्हा पाहिली नाही.

पण त्यांची खरी खोड, जिच्यामुळे ती परीक्षा इतकी अवघड झाली, ती वेगळीच आहे. नवी क्रमिक पुस्तके आली की मास्तर ती सगळी घरी नेतात. वहिनी भाताची खळ करून देतात आणि मास्तर प्रत्येक कवितेच्या शेवटच्या चरणावर कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवतात. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा माझा जीव वरखाली झाला. पुस्तके सरकारी आहेत, ती स्वच्छ परत करायची जबाबदारी माझी आहे. मास्तर म्हणाले, "अहो, शेवटच्या ओळीत शहाणपण छापलेलं असतं. ते आयतं मिळालं की मुलं वरच्या ओळी वाचतच नाहीत. झाकलं की बघा कशी वाचतात! पुढं काय येईल ते वरच्या ओळींना विचारत बसतात." आणि खरेच, त्यांच्या वर्गात कविता वाचायची म्हणजे प्रत्येकाने तिचा शेवट आपापला आणायचा असे. वर्षानुवर्षे हे चालू होते. छापील चरण काय होते ते मुलांना कधी कळलेच नाही.

आता त्या शनिवारी. माझी तयारी चोख होती. खिडक्या पुसल्या होत्या, सांडलेली शाई खरवडली होती, गळका माठ बदलला होता, नकाशाच्या दोरीचे मोकळे टोक लोंबू नये म्हणून ते खिळ्याला बांधले होते. मास्तर चिंचेखालून आले, उपरण्यात चिंचोक्यांची गाठ, पगडी मागची बाजू पुढे. डेप्युटीसाहेबांनी पगडीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. साहेब पुण्याकडचे, उंच, बारीक, बोलण्यात एकही शब्द जास्त नाही. क्रमिक पुस्तकातल्या साऱ्या कविता त्यांना मुखोद्गत आहेत, अशी ख्याती. त्यामुळे त्यांचे कारकून पुस्तकही बरोबर बाळगत नाहीत.

"पाठांतर," साहेब म्हणाले. "नदीची कविता."

वासुदेव उभा राहिला आणि त्याने म्हटले:

"नदी डोंगरी जन्म घेई लहान,
पुढे वाहता होतसे ती महान;
किती गाव पाजी, किती शेत न्हाणी,
तिच्या काठि आई भरे रोज पाणी."

साहेबांची मान डोलता डोलता थांबली. "शेवट चुकला. खाली बस. तू."

पोशा उठला. पहिले तीन चरण खणखणीत, आणि मग: "अम्हा मीठ देते तिचे खारपाणी."

"पुढचा!"

ज्याचे घर मागच्या पावसाळ्यात पुरात गेले होते तो मुलगा उठला: "कधी चूल घेऊन जाई दिवाणी." त्याच्यामागून रेल्वेच्या सांधेवाल्याचा मुलगा: "पुलाच्यावरी धावते आगगाडी." इथे मात्र वर्गातच खसखस पिकली. "यमक कुठाय रे?" कोणीतरी म्हणाले. सांधेवाल्याचा मुलगा ठामपणे म्हणाला, "गाडी यमकासाठी थांबत नाही."

साहेबांनी आवाज चढवला नाही, हे अधिक वाईट होते. "हेडमास्तर, छापील चरण वाचून दाखवा."

मी पुस्तक उघडले. पट्टी. नखाने हळूच उचलली. भाताची खळ ती. वहिनींचा हात चांगला. पट्टीबरोबर छापील अक्षरेही सोलून आली. दुसरे पुस्तक, तीच गत. साहेबांनी मास्तरांकडे पाहिले. "तुम्ही सांगा."

मास्तर उभे होते, उपरण्याची गाठ हातात. त्यांचा चेहरा उतरला होता. खडवलीपलीकडची ती शाळा त्यांना समोर दिसत असावी. "साहेब," ते म्हणाले, "खोटं सांगत नाही. फार वर्षं झाली, मलाही आठवत नाही. मुलांचे इतके ऐकलेत, की त्याखाली तो कुठं गेला कळत नाही."

साहेब खुर्चीतून उठले. खास पुणेरी चालीत, डोळे मिटून त्यांनी कविता म्हणायला घेतली. पहिला चरण, दुसरा, तिसरा. आणि मग ते थांबले. पुन्हा तिसऱ्यापासून निघाले आणि आवाजाच्या ओघात म्हणून गेले, "तिच्या काठि आई..." डोळे उघडले. वासुदेव आनंदाने लाल झाला होता.

"हा त्या मुलाचा," साहेब स्वतःशीच म्हणाले. त्यांनी कपाळावर बोट ठेवले. "आठवला. तिच्या दर्शने तृप्त होती प्राणी."

वर्गात खुसपूस झाली. पोशा जमिनीवर बसून चिंचोके मांडत होता. तो मान वर न करता म्हणाला, "साहेब, एक अर्धा कमी हाय."

"काय कमी आहे?"

"अर्धा चिंचोका. 'होती'च्या फुडं. छापलेलं असं नसंल. आनि मास्तर इचारतात, प्रानी म्हंजे कोन त्यो सांगावा. बैल का बकरी?"

मी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा आयुष्यात विसरणार नाही असे दृश्य समोर होते. डेप्युटीसाहेब पगडी टेबलावर ठेवून चिंचोक्यांच्या रांगेसमोर उकिडवे बसले होते. त्यांनी एकेक अक्षर बोटाने मोजले. "खरंच कमी आहे," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "प्राणी म्हणजे... म्हैस. आमच्या गावी नदीत म्हैस बसे. दुपारभर. मी लहान होतो, तिच्या पाठीवर बसत असे."

"बसे म्हैस," पोशाने दोन शब्दांचे चिंचोके मांडले. "फुडं?"

मास्तर पुढे झाले आणि साहेबांच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांनी शिकवले काही नाही. मुलांना विचारतात तसेच, अगदी हलक्या आवाजात, एवढेच म्हणाले, "मग?"

किती वेळ गेला मी सांगू शकत नाही, आणि मी घड्याळ बघणारा माणूस आहे. बाहेर एक गाडी आली आणि गेली. कारकून खाकरले, मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ते साहेबांकडे बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात घाई नव्हती, की मदतही नव्हती. साहेबांचे ओठ हलत होते.

"बसे म्हैस ओढून अंगास पाणी," साहेब म्हणाले.

पोशाने चिंचोके मांडले. अर्धा, सबंध, सबंध; रांग भिंतीपर्यंत बरोबर गेली. "बसला!" तो ओरडला, आणि वर्गाने जो गलका केला तो खाडीपलीकडे ऐकू गेला असेल. साहेब हसत होते. मला वाटते, नोकरीत लागल्यापासून पहिल्यांदा.

मग साहेब उठले, धोतर झटकले, पगडी घातली. आणि पगडीबरोबर डेप्युटीसाहेबही परत आले. "पाठांतराच्या रकान्यात मी काय लिहू, हेडमास्तर?" त्यांनी विचारले. "एकाही मुलाला छापील कविता येत नाही. नियमाप्रमाणे वर्ग नापास आहे आणि बदलीचा कागद माझ्या पेटीत तयार आहे." मास्तरांनी मान खाली घातली. साहेब माझ्याकडे वळले. "पण नियमात नवी पद्धत तपासायचीही सोय आहे. तुम्ही व्यवस्थित माणूस दिसता. या मास्तरांची शिकवण्याची रीत कलमवार लिहून ठाण्याला माझ्याकडे पाठवा. ते टाचण वाचून मी काय तो निकाल देईन. तोपर्यंत कागद पेटीत राहील."

त्या संध्याकाळी वहिनींनी सगळ्या वर्गाला गुळाची पोळी पाठवली, मलाही पाठवली. निरोप असा, की हेडमास्तरांनी टाचण चांगले लिहावे, पण सावकाश लिहावे, घाईने अक्षर बिघडते.

मी लिहायला बसलो. कलम पहिले: चिंचोके, गोळा करणे, फोडणे, न भाजणे. कलम दुसरे: मुलांना बाहेर नेणे. दुसऱ्या कलमापर्यंत माझी लेखणी कुठे अडली नाही. तिसऱ्यासाठी मी मास्तरांच्या वर्गात मागे जाऊन बसलो, अनेक दिवस बसलो. ते मुलाला एक ओळ म्हणायला लावतात, मग "मग?" म्हणतात, आणि थांबतात. दुसरा कोणीही मास्तर थांबला नसता इतके थांबतात. मी तर नक्कीच थांबलो नसतो; मी पहिल्या खाकरण्यालाच उत्तर सांगून मोकळा झालो असतो. मूल खिडकीबाहेर बघते, बोटे मोडते, रडायच्या बेतात येते, मास्तर थांबलेलेच. आणि मग ओळ येते. कधी वाकडी, कधी तोकडी, पण त्या मुलाची. मी कागदावर लिहिले: कलम तिसरे, वाट पाहणे. किती वेळ ते नमूद करायला हवे, म्हणून मास्तरांना विचारले. ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "येईपर्यंत." हे टाचणात कसे लिहायचे?

कारकुनांचे स्मरणपत्र आले. मी उत्तर दिले, काम चालू आहे. दुसरे आले, मी उत्तर दिले, पद्धत सखोल आहे, निरीक्षण वाढवत आहे. यंदाच्या परीक्षेला डेप्युटीसाहेब आले तेव्हा त्यांनी टाचणाबद्दल काही विचारले नाही, पाचवीत जाऊन बसले, आणि निघताना फक्त म्हणाले, "सावकाश होऊ द्या." पण साहेब आता थकले आहेत. केव्हातरी पेन्शन घेतील आणि त्यांच्या जागी दुसरे कोणी येतील, पेटी उघडतील, कागद वरच सापडेल. मातोश्री अजून खाटेवर आहेत. वहिनींचे केस पिठाने पांढरे दिसतात असे मी समजत होतो. परवा लक्षात आले, ते पीठ नाही. मास्तरांनाही अलीकडे खिडकीपाशी उभे राहिले की दम लागतो आणि ते बसूनच शिकवतात.

आजची बाकी कामे: एकच. तिसरे कलम. दौत भरलेली आहे, कागद समोर आहे, बोरू कालच तासून ठेवला आहे. पलीकडच्या वर्गात मास्तरांनी आत्ताच कोणाला तरी "मग?" विचारले आहे, आणि अजून उत्तर आलेले नाही.